पारोळ्याचे नेवाळकर, दरबारखर्च आणि सरकारी जागेंतील वर्गणी

धुळ्याहून जळगांवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पारोळा हें तालुक्याचें गांव आहे. पूर्वीं पन्नासएक घरांची वस्ती असलेल्या या खेड्याची तटबंदीची पेठ हरि सदाशिव दामोदर यांनीं वसविली आणि तेथील भुईकोट किल्ला इ. स. १७२७ मध्यें बांधिला, असें खानदेश जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. हें घराणें नेवाळकरांचें. मूळ कोंकणांतील रत्नागिरी भागचें, पुढें खानदेशांत जहागीरदार म्हणून स्थिरावलेलें, आणि त्याच कुळांतील एक शाखा झांशीस जाऊन इतिहासांत अमर झालेली. इतकें आमच्या वाचकांस विदितच आहे. प्रस्तुत लेखांत या घराण्याचा वृत्तांत सांगण्याचा हेतु नाहीं. त्याच्या निमित्तानें राज्यकारभारांतील एका जुन्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे: राज्याच्या अधिकाराची जागा आणि साधनें हातीं असलेल्या पुरुषानें तीं स्वतःच्या अथवा आपल्या पक्षाच्या द्रव्यसंग्रहाकडे लावावीं कीं न लावावीं, आणि न लावावीं म्हटल्यास तें थांबवावें कसें.

हा प्रश्न लोकसभा आणि विधिमंडळें यांच्या युगांतला, म्हणजे सर्वस्वीं अर्वाचीन, असें पुष्कळांस वाटतें. त्याविषयींचे लेखी नियम अर्वाचीन आहेत हें खरें. परंतु रोग जुना आहे, आणि त्याचें निदानही आपल्याच दप्तरांत होऊन गेलेलें आहे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम खासगी आणि दौलत या दोन शब्दांकडे पाहूं. मराठेशाहींतील सरदार घराण्यांत हा भेद व्यवहारांत होता, व त्याचें ठळक उदाहरण होळकरांचें होय. इ. स. १७३४ मध्यें गौतमाबाई होळकर यांच्या नांवें खासगीची सनद झाली, तेव्हांपासून दौलतीचें उत्पन्न निराळें आणि खासगीचें निराळें, अशी त्या घराण्याची रीत पडली. अहल्याबाईंचा दानधर्म गाजला तो याच खासगीच्या बळावर. फौजेचा पैका घाटांवर आणि देवळांवर घातला, असा बोल लागूं न देण्याची सोय त्या भेदांत होती. या खासगीच्या मालमत्तेचा वाद २०२२ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भेद किती खोल रुजला होता, याची ही साक्ष समजावी.

परंतु सर्वत्र इतकी स्पष्टता नव्हती. लहान जहागीरदाराच्या गढींत राहता वाडा, कचेरी, कोठार आणि जामदारखाना हीं बहुधा एकाच तटाच्या आंत असत. रयत वसूल घेऊन येई ती ज्या दरवाजानें, त्याच दरवाजानें लग्नमुंजीची भेट घेऊनही येई. दिलेल्या रुपयांपैकीं सरकारचे किती आणि धन्याचे किती, हें देणारा जाणत नसे, व पुष्कळदां घेणाराही जाणत नसे. जाणत असे ती फक्त वही.

नेवाळकरांच्या झांशीच्या शाखेंत या संदिग्धतेचें फळ काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. रघुनाथ हरि नेवाळकर हे इ. स. १७७० च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार म्हणून झांशीस गेले. सुभेदारी हा हुद्दा होता, वतन नव्हतें. पण त्यांच्यामागून शिवराव भाऊ, नंतर रामचंद्रराव, असा तो हुद्दा घराण्यांतच चालला. इ. स. १८०४ मध्यें शिवराव भाऊंशीं इंग्रजांनीं करार केला, आणि बुंदेलखंडावरील पेशव्यांचे हक्क संपल्यावर १८१७ च्या तहानें रामचंद्ररावांस वंशपरंपरेचे अधिपति म्हणून मानिलें. ज्यास नेमून पाठविलें तो मालक झाला. हुद्द्याचें वतन होणें ही मराठेशाहीच्या उत्तरकाळांतील सार्वत्रिक गोष्ट, आणि तींत नेवाळकरांस वेगळा दोष देण्याचें कारण नाहीं.

पुढें १८५३ च्या नोव्हेंबरांत गंगाधरराव वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशीं त्यांनीं नेवाळकरांच्याच कुळांतील आनंदराव या मुलास दत्तक घेऊन त्याचें नांव दामोदरराव ठेविलें. डलहौसीनें १८५४ मध्यें झांशी खालसा केली. त्याच्या युक्तिवादाचा एक आधार हाच होता कीं, हे मूळचे सुभेदार, स्वतंत्र राजे नव्हेत. आतां मौज अशी कीं, तेंच दत्तविधान खासगी मालमत्तेपुरतें त्याच सरकारनें ग्राह्य धरिलें. राज्यावर दामोदररावांचा हक्क नाहीं, पण खासगी ठेवीवर आहे. सबब सुमारें सहा लाख रुपये अज्ञान मुलाच्या नांवें सरकारांत अनामत राहिले, व राणीसाहेबांस सालीना साठ हजारांचें वेतन सांगण्यांत आलें. त्याच वेळीं कैलासवासी महाराजांचें कर्ज मात्र त्या वेतनांतून फेडावें, असा आग्रह झाला. म्हणजे तिजोरी तेवढी राज्याची आणि कर्ज तेवढें घरचें! खासगी आणि दौलत यांमधली रेघ ज्याच्या हातांत सत्ता तो आपल्या सोयीनें ओढतो, ही गोष्ट येथें उघड दिसते. अनामत रक्कम पुढें दामोदररावांच्या हातीं पडली नाहीं. १९०६ सालीं इंदुरास ते निवर्तले. इकडे सत्तावनच्या धामधुमीनंतर पारोळ्याची जहागीर जप्त झाली व किल्ला निकामी करण्यांत आला. भग्न तट आणि बुजत चाललेला खंदक आज उरला आहे.

आतां दरबारखर्चाकडे वळूं. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें २५ ऑक्टोबर १८१९ रोजीं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल धाडिला, त्यांत खानदेशही आहे. शत्रूच्या राज्याविषयीं लिहिणाऱ्याची लेखणी म्हणून तो सावधपणें वाचावा लागतो. पण त्यांतील एक परिच्छेद आमच्या विषयाचा गाभा आहे. गांवाच्या व परगण्याच्या जमेंतून नेहमींच्या खर्चाखेरीज एक रक्कम दरबारखर्च अथवा अंतस्थ या सदराखालीं निघे. हुजुरांतील मंत्र्यांस आणि हिशेब तपासणाऱ्यांस गुपचूप पोंचवावयाची ती लांच. एल्फिन्स्टन सांगतो कीं, कांहीं काळानें ही लांच दरसालची झाली, मग तिची रक्कम ठरली, मग ती हिशेबांत उघड लिहिली जाऊन इतर खर्चाप्रमाणेंच तपासली जाऊं लागली. पण लांचेची गरज संपली नव्हती. म्हणून तिच्यासाठीं पुन्हां नवी जादा पट्टी बसली. तपासनीस या नाजुक बाबींत फारसें खोल शिरत नसत, त्यामुळें मामलतदार धन्यांसाठीं जितकें काढी त्याहून अधिक स्वतःसाठीं काढी.

हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा: गुप्त देणगी, मग तिची रीत, मग तिचें दप्तरी सदर, आणि त्या सदराच्या आडोशास नवी गुप्त देणगी. उत्तर पेशवाईंतील नाना पट्ट्यांचा उगम याच रीतीचा. नजर, भेट, कर्जपट्टी, आणि दुसरे बाजीराव मसनदीवर आल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ म्हणून बसविलेली संतोषपट्टी. नांव आनंदाचें आणि वसुली प्याद्याची. जो देतो तो खुषीनें देतो, असें घेणारा सांगतो. परंतु ज्याच्या हातीं मामलत, माफी वा मक्ता देण्याचा अधिकार आहे त्यास दिलेली भेट खुषीची किती, हें ठरविणें कठीण असतें.

यावर जुन्या कारभारांत उपाय नव्हता काय? होता, आणि तो दरकदारांचा. मामलतदाराबरोबर मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस असे अधिकारी सरकारांतून नेमिलेले असत. त्यांस काढण्याचा अधिकार मामलतदारास नव्हता. हिशेब आणि हुकूम मजुमदाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय फडणिसाकडे जात नसत. रोख पोतनिसाकडे, लेखन चिटणिसाकडे. हुकूम देणारा हात, पैका घेणारा हात आणि वही लिहिणारा हात हे तीन वेगळे ठेवण्याची ती योजना होती. दुसऱ्या बाजीरावांच्या कारकीर्दींत परगणे सालोसाल जास्त बोली करणारास मक्त्यानें दिले जाऊं लागले, आणि ती योजना नांवापुरती राहिली. मक्तेदारास पुढच्या सालाची शाश्वती नाहीं. मग दरकदाराचें ऐकतो कोण?

या जुन्या चित्राच्या शेजारीं आतां अर्वाचीन नियम मांडून पाहूं. अमेरिकेंत १८८३ च्या पेंडलटन कायद्यानें सरकारी इमारतींत राजकीय वर्गणी मागण्यास मनाई केली, कारण त्यापूर्वीं नोकरी टिकवावयाची तर पगारांतून पक्षास भाग द्यावा, अशी तेथें रीतच पडली होती. ब्रिटिश पार्लमेंटांतील भोजनदालनें पक्षनिधीच्या मेजवान्यांकरितां वापरूं नयेत, असा तेथील दंडक. २००७ सालीं विरोधी पक्षाचे तत्कालीन नेते डेव्हिड कॅमेरन यांनीं पक्षास मोठ्या देणग्या देणारांच्या भोजनांस पार्लमेंटांतील आपल्या कचेरीची जोड दिली, म्हणून तेथील आयुक्तांनीं दोष ठेविला, व कॅमेरन यांनीं क्षमा मागितली. भारतांत संतानम् समितीनंतर १९६४ सालीं मंत्र्यांकरितां आचारसंहिता झाली. तिच्यांत म्हटलें आहे कीं, मंत्र्यानें कोणत्याही कारणासाठीं स्वतः अथवा कुटुंबीयांमार्फत देणगी घेऊं नये. पक्षासाठीं अगर संस्थेसाठीं थैली मिळाल्यास ती शक्य तितक्या लवकर ज्याची त्यास पोंचवावी. पक्षनिधीच्या कामांत भाग घेतला तरी पैसा पक्षाच्या नेमलेल्या पदाधिकाऱ्याकडे जावा, आपल्याकडे नव्हे. निवडणुकीच्या दिवसांत सरकारी विश्रामगृहें व डाकबंगले कोणा एका पक्षाची मिरास होऊं नयेत, प्रचाराची कचेरी म्हणून तर नयेतच, असें निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेंत आहे. अमेरिकेच्या कायद्याचा रोख जागेवर आहे, आपल्या मंत्र्यांच्या संहितेचा हातावर. दोन्ही गोष्टी दरकदारांच्या योजनेंत बीजरूपानें होत्या.

परंतु नियम लिहिल्यानें काम भागत नाहीं, हें महाराष्ट्रानें स्वतःच्या राजधानींत पाहिलें आहे. १९८१ सालीं मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाच्या देणग्यांविषयीं वृत्तपत्रांत गहजब झाला. सिमेंटाची टंचाई होती व वाटप सरकारच्या हातीं होतें. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति लेंटिन यांनीं १२ जानेवारी १९८२ रोजीं, प्रतिष्ठानास दिलेल्या देणग्या आणि सिमेंटाचें वाटप यांचा संबंध होता, असा निर्णय दिला. अंतुले यांनीं मुख्यमंत्रिपद सोडलें. पुढें फौजदारी खटला वर्षानुवर्षें चालला. आमदार हा फौजदारी कायद्याच्या व्याख्येप्रमाणें लोकसेवक होतो काय, यावरच सर्वोच्च न्यायालयांत खल झाला आणि १९८४ सालीं त्याचें उत्तर नकारार्थी आलें. अखेर अंतुले यांस कोणतीही शिक्षा झाली नाहीं, हेंही येथें नमूद करणें न्याय्य आहे. मामलतदार आणि मक्तेदार यांमधला भेद ज्यांनीं दप्तरांत पाहिला आहे, त्यांस हुद्देदार कोणास म्हणावें हा वाद अपरिचित वाटणार नाहीं.

देणगीचें दप्तरी सदर होण्याचा एल्फिन्स्टननें सांगितलेला क्रमही अर्वाचीन काळांत पुन्हां घडलेला दिसतो. १९५७ सालीं टाटा पोलाद कंपनीनें आपल्या घटनापत्रांत बदल करून राजकीय पक्षांस देणगी देण्याची मुभा मागितली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनीं कायद्याच्या अक्षराप्रमाणें ती दिली, पण असा पैसा लोकशाहीचा गळा घोटूं शकेल, संसदेनें याचा विचार करावा, असा इशारा निकालांतच दिला. १९६० सालीं कायद्यांत मर्यादा आली, १९६९ सालीं कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच झाली, १९८५ सालीं बंदी उठून नफ्याच्या शेंकडा पांच ही मर्यादा झाली, २०१३ च्या कायद्यानें ती साडेसात झाली, आणि २०१७ सालीं मर्यादा अजीबात काढून टाकून निवडणूक रोख्यांचा मार्ग खुला केला. देणाऱ्याचें नांव लोकांस कळूं नये, ही त्या रोख्यांची अट. अंतस्थास दप्तरी सदर मिळालें, आणि सदराच्या आंत पुन्हां अंतस्थ ठेविलें! स्टेट बँकेमार्फत विकलेल्या या रोख्यांची बेरीज सुमारें साडेसोळा हजार कोटी रुपये झाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरवून रद्द केली, व मार्च महिन्यांत बँकेस देणारे, घेणारे आणि रोख्यांचे क्रमांक प्रसिद्ध करावे लागले. प्रत्येक रोख्यास क्रमांक होता म्हणून दात्याची आणि पक्षाची गांठ घालतां आली. दप्तरखान्यांत काम केलेल्या कोणासही या क्रमांकाचें महत्त्व सांगावयास नको.

आमच्या भागांतीलही एक अगदीं अलीकडचा प्रसंग येथें नोंदविणें अवश्य आहे. पारोळ्यापासून पश्चिमेस पस्तीसएक किलोमीटरांवर धुळें शहरांत गुलमोहर नांवाचें सरकारी विश्रामगृह आहे. २१ मे २०२५ रोजीं, महाराष्ट्र विधिमंडळाची अंदाज समिति या भागाच्या दौऱ्यावर असतां, त्या विश्रामगृहाच्या १०२ क्रमांकाच्या खोलींत समितीच्या सदस्यांसाठीं पैसा जमविलेला आहे, असा आरोप माजी आमदार अनिल गोटे यांनीं करून खोलीसमोर ठाण मांडिलें. कुलूप उघडल्यावर एक कोटी चौऱ्याऐंशी लक्षांहून अधिक रोकड सांपडली. खोली समितीच्या अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नांवें होती, असें प्रसिद्ध झालें. अध्यक्षांनीं आपला त्या रकमेशीं संबंध नाकारिला. सरकारनें विशेष चौकशी पथक नेमिलें. आरोप पक्षनिधीचा नव्हता, लांचेचा होता, आणि खरें काय तें ठरविणें आमचें काम नव्हे. सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी समिति म्हणजे जुन्या भाषेंत मजुमदारीचेंच काम करणारी. तिच्या मुक्कामाच्या सरकारी जागेंत धनी नसलेली रोकड निघावी, आणि पहिला धागा विश्रामगृहाच्या नोंदवहींत मिळावा, एवढीच गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें टिपून ठेवण्यासारखी आहे.

या सर्वांतून आमचें मत असें बनतें. रक्कम किती असावी हें ठरविणाऱ्या मर्यादा वरखालीं होत राहतात, आणि त्यांनीं रोग हटत नाहीं. १९६० पासून २०१७ पर्यंतच्या फेऱ्यांनीं तें सिद्ध आहे. बंदीनेंही हटत नाहीं, कारण १९६९ च्या बंदीनंतरच सिमेंटाचें प्रकरण घडलें. रोखतें तें एकच: कृपा करण्याचा अधिकार, पैका घेण्याची जागा आणि नोंद करण्याची वही हीं तीन एका तटाच्या आंत न येऊं देणें, आणि वही लिहिणारास घेणाराच्या मर्जीवर न ठेवणें. दरकदारांस मामलतदार काढूं शकत नसे तोंवर ती पद्धत चालली. ज्या दिवशीं मक्ता आला त्या दिवशीं ती मेली.

कोणी म्हणेल कीं, दरकदारही लांच घेत, एल्फिन्स्टनच्या परिच्छेदांतील तपासनीस त्यांतलेच. आक्षेप खरा आहे. परंतु त्यांनीं घेतलेल्या रकमा आज आपणांस ठाऊक आहेत त्या वह्यांमुळेंच. अंतस्थ हें सदर कागदावर आलें म्हणून त्याच्यावर दोष ठेवतां आला. न लिहिलेल्या लांचेस इतिहास नाहीं आणि न्यायही नाहीं.

म्हणून आमची संग्राहकांस एक विनंति आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पश्चात् त्यांचें दप्तर सांभाळण्यासाठीं धुळ्यास संशोधन मंडळ उभें राहिलें, त्याच जिल्ह्यांच्या वाड्यांतून अद्याप रुमाल निघतात. परंतु संग्राहकांचें लक्ष शिक्क्यांच्या सनदांकडे आणि मोठ्या नांवांच्या पत्रांकडे असतें; ताळेबंद, झडत्या, गांवखर्चाच्या यादी आणि कीर्दी यांस रद्दीचा भाव मिळतो. पारोळा, अमळनेर, एरंडोल या बाजूस कुलकर्ण्यांच्या अथवा देशपांड्यांच्या घरीं हिशेबी कागद असतील, तर दरबारखर्च, अंतस्थ, नजर, भेट आणि सादिलवार हीं सदरें आहेत कीं नाहींत तें पाहावें, साल व परगणा टिपावा, आणि रुमालाचा मूळ क्रम न मोडतां नक्कल करावी. एकाच गांवच्या लागोपाठच्या वीस सालांच्या यादी मिळाल्या, तर अंतस्थाचें सदर केव्हां उगवलें, केव्हां ठरीव झालें आणि त्याच्या पाठीवर दुसरें केव्हां बसलें, हें आंकड्यांनीं दाखवितां येईल. एल्फिन्स्टनचें विधान परक्याच्या तोंडून आहे. त्याची परीक्षा आपल्याच कागदांवर व्हावयास हवी. ज्यांच्या घरीं नगरपालिकेचे, विश्रामगृहांचे अथवा पक्षांच्या वर्गणीचे मागील शतकांतील कागद पडून असतील, त्यांनींही ते जाळूं नयेत, अशी प्रार्थना आहे.